एका पेशीचे भांडवल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका वनस्पतिशास्त्रज्ञावर लेख लिहावा, याचे कुणाला नवल वाटेल. पण एमिल क्रिश्चन हान्सेन यांच्या चरित्रात मला भांडवलाचा एक निराळाच धडा सापडला.

डेन्मार्कमधील रीबे येथे १८४२ साली एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी रंगाऱ्याचे काम केले. पुढे कादंबऱ्या लिहून शिक्षणाचा खर्च भागविला. बुरशीवरील त्यांच्या निबंधाला १८७६ साली कोपनहेगन विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. जे. सी. याकोबसेन या बिअर-कारखानदाराने १८७५ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन केली होती. तिच्या एका विभागाचे हान्सेन १८७९ साली प्रमुख झाले.

मोड आणलेल्या जवाचा गोड काढा यीस्ट घालून आंबविला की बिअर होते. यीस्ट म्हणजे जणू आपले विरजण. एका खेपेचे पुढच्या खेपेला लावायचे. १८८३ साली याकोबसेन यांच्याच कारखान्यातील बिअर बिघडू लागली. असा बिघाड जिवाणूंमुळे होतो, असे पाश्चर यांनी दाखविले होते. पण विरजणात शिरलेले रानटी यीस्टही बिअर नासवते, हे हान्सेन यांनी सिद्ध केले.

त्यांनी यीस्ट निर्जंतुक पाण्यात इतके विरळ केले की थेंबात एकच पेशी यावी. ती उकळून थंड केलेल्या काढ्यात वाढविली. मग लहान भांड्यातून मोठ्यात, असे करीत कारखान्यापुरते शुद्ध यीस्ट तयार केले. आजही घरी बिअर करणारे यीस्ट वाढविताना हाच क्रम पाळतात. भांडी निर्जंतुक करायची, काढा उकळून झाकून थंड करायचा आणि मगच यीस्ट सोडायचे. काढा गरम असला तर यीस्ट मरते. उघडा राहिला तर हवेतले जंतू आधी घर करतात.

प्रारंभी याकोबसेन साशंक होते. परंतु नोव्हेंबर १८८३ मध्ये या यीस्टची बिअर यशस्वी झाली आणि त्यांची खात्री पटली. आता हिशेब पाहा. हे गुपित तिजोरीत ठेवले असते, तर प्रतिस्पर्धी मागे पडले असते. पण प्रयोगशाळेतील कोणताही शोध गुप्त ठेवू नये, असा याकोबसेन यांनीच नियम घालून दिला होता. त्यांनी ते यीस्ट इतर कारखानदारांना मोफत दिले.

हान्सेन १९०९ साली वारले. त्यांच्या शोधाने कार्ल्सबर्गचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला. आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात या देण्याला कोणते खाते लावावे, हे मी अजून शोधतो आहे. शेजारी विरजण दिल्याने आपल्या घरचे दही कमी होत नाही, हे मात्र आपल्या आयाबहिणींना केव्हापासून ठाऊक आहे.