परागांची मात्रा ठरवणारे डॉक्टर नून

उन्हाळ्यात गवताला तुरे आले की इंग्लंडमधील अनेकांचे डोळे चुरचुरतात, नाक वाहते, शिंका थांबत नाहीत. हा ‘हे फीव्हर’ गवताच्या परागकणांमुळे होतो, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. त्यावर उपचाराची वाट दाखवली ती डॉ. लिओनार्ड नून यांनी.

नून यांचा जन्म १८७७ चा. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, सर आल्मरॉथ राइट यांच्या विभागात ते संशोधन करत. टिमोथी नावाच्या गवताच्या परागांचा त्यांनी अर्क काढला आणि तो मोजण्यासाठी एकक ठरवले: ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतक्या परागांतून निघणारा अर्क. रुग्णाच्या डोळ्यात अर्काचा थेंब टाकून ते त्याची संवेदनशीलता तपासत. मग अगदी थोडी मात्रा त्वचेखाली टोचत आणि काही दिवसांच्या अंतराने वाढवत नेत. मात्रा जास्त झाली तर त्रास उलट वाढतो, हेही त्यांनी १९११ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात नोंदवले.

परागांत विष असते आणि टोचल्याने शरीर त्यावर उतारा तयार करते, असे नून मानत. हा समज चुकीचा ठरला, उपचार मात्र टिकला. क्षयाने ग्रासलेल्या नून यांचे काम सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले. १९१३ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी नून यांचे निधन झाले.

आज हाच उपचार दोन मार्गांनी मिळतो. इंजेक्शन आधी साधारण दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला घ्यावे लागते. क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच देतात आणि नंतर रुग्णाला अर्धा तास थांबवून ठेवतात. दुसरा मार्ग जिभेखाली ठेवायच्या गोळीचा किंवा थेंबांचा. त्यात गंभीर प्रतिक्रियेचा धोका बराच कमी असतो. पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घेतली की पुढचे औषध घरी घेता येते, पण ते रोज घ्यावे लागते. तोंडाला खाज सुटणे हा नेहमीचा त्रास.

दोन्ही उपचार साधारण तीन वर्षे चालतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर फायदा टिकत नाही. आणि मार्ग कोणताही असो, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. नून यांचा तो इशारा शंभर वर्षांनंतरही तितकाच खरा आहे.