स्पार्टाकस : दार उघडल्यानंतरचा खेळ

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या ग्रुपमध्ये कधी ना कधी ग्लॅडिएटरची टूम निघतेच. चार-पाच जण, कागदावर लिहिलेली पात्रं, वीस बाजूंचा फासा आणि गोष्ट पुढे नेणारा एक गेम मास्टर, एवढ्या भांडवलावर हा खेळ चालतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला आणि या प्रकाराचं वेड पसरलं. ग्लॅडिएटरची थीम घेतली की पहिली दोन-तीन सेशन्स झकास जातात. रिंगण, गर्दी, तलवारी, सगळा माहोल तयार. मग गाडी अडते. दर वेळी नवा प्रतिस्पर्धी आणायचा आणि फासे टाकायचे, यात गोष्ट कुठे आहे?

कॅम्पेन चालवणाऱ्याने अशा वेळी स्पार्टाकसचं आयुष्य वाचायला घ्यावं. गंमत बघा, हा जगातला सगळ्यात प्रसिद्ध ग्लॅडिएटर, पण त्याच्या रिंगणातल्या एकाही लढतीची नोंद आपल्याकडे नाही. तो इतिहासात शिरतो तो थेट पळून जाताना.

कागदावरचं पात्र

स्पार्टाकस मूळचा थ्रेसचा, म्हणजे आजचा बल्गेरिया आणि त्याला लागून असलेला ग्रीस-तुर्कस्तानचा पट्टा. त्याने स्वतः लिहिलेलं काहीच उरलेलं नाही. आपल्याला जे कळतं ते मुख्यतः प्लुटार्क आणि ॲपियन या दोन ग्रीक लेखकांकडून, आणि दोघांनीही लिहिलं ते त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. त्यांचे आकडे जुळत नाहीत, तपशीलही वेगळे आहेत. ॲपियनच्या म्हणण्यानुसार तो आधी रोमन सैन्यात होता, पुढे कैदी झाला आणि विकला गेला. प्लुटार्कने त्याच्या ताकदीइतकंच त्याच्या डोक्याचं आणि शांत स्वभावाचं कौतुक केलंय. त्याची बायको त्याच्याच जमातीची. अंगात देव येऊन ती भविष्य सांगायची आणि पळताना ती त्याच्यासोबत होती. तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. एखाद्या खेळाडूला भन्नाट भूमिका हवी असेल, तर ही जागा दोन हजार वर्षं रिकामी पडली आहे.

कापुआ हे नेपल्सच्या उत्तरेचं शहर. तिथे लेंटुलस बॅटिएटस नावाच्या मालकाची ग्लॅडिएटर शाळा होती. शाळा म्हणायचं, पण दाराला कुलूप. आत कोंडलेल्यांनी गुन्हा केला होता असंही नाही, मालकाने विकत घेतलं एवढंच त्यांचं नशीब. आणि हो, नकाशावर कोलोझियम काढलं असेल तर खोडून टाका. ते खुलं झालं इसवी सन ८० मध्ये, स्पार्टाकस गेल्यानंतर दीडशे वर्षांनी.

स्वयंपाकघरातून सुरुवात

इसवी सनपूर्व ७३. साधारण दोनशे जणांनी पळायचा बेत केला आणि तो फुटला. मग ज्यांना वेळेवर कुणकुण लागली त्यांनी स्वयंपाकघरात शिरून सुरे आणि मांस भाजायच्या सळया उचलल्या आणि धूम ठोकली. बाहेर पडू शकले ७८. वाटेत त्यांना ग्लॅडिएटरची हत्यारं वाहून नेणाऱ्या गाड्या सापडल्या. आयतंच घबाड! पण पुढे कापुआहून आलेल्या शिपायांना हरवून खरी लष्करी शस्त्रं हाती आली, तेव्हा त्यांनी ही रिंगणाची हत्यारं फेकून दिली. त्यांना ती लाजिरवाणी वाटत होती. खेळात आपण हत्याराकडे किती डॅमेज करतं एवढंच बघतो. या माणसांसाठी तलवारीचा आकारसुद्धा गुलामीची खूण होता.

स्पार्टाकस, क्रिक्सस आणि ओएनोमॉस हे तिघं पुढारी झाले आणि टोळी व्हेसुव्हियस डोंगरावर चढली. रोमने क्लॉडियस ग्लेबरला तीन हजार माणसं देऊन पाठवलं. खाली यायची एकच वाट होती आणि ती त्याने अडवली. बाकी तिन्ही बाजूंना तुटलेले कडे. आता वरचे उपाशी मरणार, असा त्याचा हिशेब. वरच्यांनी रानटी द्राक्षवेली तोडून, विणून शिड्या केल्या, एकेक करून कडा उतरले आणि शेवटच्याने शस्त्रं खाली टाकली. ग्लेबरच्या छावणीला मागून वेढा पडला तेव्हा तिथे कुणाला पत्ताही नव्हता. तुमचे खेळाडू असलं काही सुचवतील तेव्हा नियमात बसत नाही म्हणून उडवून लावू नका. गेम मास्टरने तीन हजार शिपाई उभे करावेत आणि खेळाडूंनी वेलींची शिडी करावी, याच क्षणांसाठी तर हा खेळ असतो.

लुटीची वाटणी

यानंतर आजूबाजूचे गुराखी, मेंढपाळ, शेतांवरचे गुलाम येऊन मिळत गेले. ॲपियनने आकडा सत्तर हजारांवर नेलाय, तो थोडा सैल हाताने घ्यावा. पण त्याने दिलेला एक तपशील कुठल्याही टेबलवर कामाला येईल. स्पार्टाकसने लूट सगळ्यांना सारखी वाटायची पद्धत ठेवली, छावणीत सोनं-चांदी आणायला व्यापाऱ्यांना बंदी केली आणि लोखंड व तांबं मात्र भरपूर विकत घेतलं. शस्त्रं लागणार होती ना!

खरा पेच याच सुमारास सुरू झाला. प्लुटार्कच्या मते स्पार्टाकसचा बेत साधा होता. उत्तरेला जायचं, आल्प्स ओलांडायचा, मग थ्रेसचे थ्रेसला आणि गॉलचे गॉलला आपापल्या घरी. पण जिंकत सुटलेल्या माणसांना घर नको होतं, इटली लुटायची होती. इसवी सनपूर्व ७२ मध्ये क्रिक्सस आपली फौज घेऊन वेगळा झाला आणि गार्गानो डोंगराजवळ मारला गेला.

त्याच्यानंतर जे झालं ते बऱ्याच सिनेमांत दिसत नाही. ॲपियन सांगतो की स्पार्टाकसने क्रिक्ससच्या स्मृतीसाठी तीनशे रोमन कैद्यांचा बळी दिला. आणखी एका रोमन लेखकाच्या नोंदीनुसार त्याने आपल्या मृत सरदारांच्या चितेभोवती कैद्यांना ग्लॅडिएटरसारखं एकमेकांशी लढायला लावलं. ज्या खेळातून तो सुटला होता, तोच खेळ आता त्याने मांडला आणि स्वतः प्रेक्षकांत बसला. समजा, तुमच्या कॅम्पेनमध्ये ही वेळ आली. समोर बांधलेले कैदी, मागे सूडासाठी ओरडणारे आपलेच लोक आणि निर्णय खेळाडूंच्या हातात. इथे फासा टाकून सुटका नाही. म्हणूनच गुलामी आणि हिंसा यांवरचं कॅम्पेन सुरू करण्याआधी ग्रुपने नीट बोलून घ्यावं, कुणाला कुठपर्यंत चालेल ते ठरवावं. ज्याला नको वाटतं त्याची खिल्ली उडवू नये.

समोर आल्प्स

दोन्ही कॉन्सलच्या फौजांना हरवत स्पार्टाकस उत्तरेला मुटिनाजवळ, म्हणजे आजच्या मोदेनाजवळ पोहोचला. तिथे प्रांताचा गव्हर्नर दहा हजारांची फौज घेऊन आडवा आला, तोही हरला. आता आल्प्सची वाट मोकळी होती. घर समोर होतं.

आणि फौज परत दक्षिणेला वळली.

का, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. माणसं ऐकेनात म्हणून? थंडी आणि धान्याची टंचाई म्हणून? की इटलीतच जन्मलेल्या गुलामांना आल्प्सपलीकडे घरच नव्हतं म्हणून? गेम मास्टरने या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवून ठेवू नये. पात्रांना आल्प्सच्या पायथ्याशी आणून सोडावं आणि गप्प बसावं. त्या टेबलवर होणारा वाद हाच कॅम्पेनचा सगळ्यात चांगला भाग असेल.

रोममध्ये आता सूत्रं क्रॅससकडे आली होती. अफाट श्रीमंत आणि तितकाच कठोर माणूस. पळ काढलेल्या पाचशे शिपायांचे त्याने दहा-दहाचे गट केले, चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येक गटातला एक मारून टाकला. स्पार्टाकस इटलीच्या टोकाला गेला. समुद्री चाच्यांशी सिसिलीला न्यायचा सौदा केला. चाच्यांनी मोबदला घेतला आणि ते चालते झाले. मागे क्रॅससने टोकाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पन्नासेक किलोमीटर लांब खंदक खणला. बर्फ पडत असताना एका रात्री स्पार्टाकसने माती आणि फांद्यांनी खंदकाचा एक तुकडा बुजवून फौज बाहेर काढायला सुरुवात केली. वेलींची शिडी करणारं डोकं अजून शाबूत होतं.

पण वेळ संपत आली होती. स्पेनहून पॉम्पी परत येत होता. इसवी सनपूर्व ७१ मध्ये शेवटची लढाई झाली. प्लुटार्क सांगतो की सुरुवातीलाच स्पार्टाकसने स्वतःचा घोडा मारला. जिंकलो तर घोडे खूप मिळतील आणि हरलो तर लागणारच नाही, हा त्यामागचा विचार. मग तो गर्दीतून क्रॅससच्या रोखाने घुसला. दोन सेंच्युरियन त्याच्या हातून पडले, क्रॅसस सापडला नाही. स्पार्टाकस तिथेच पडला. त्याचं प्रेत कधीच मिळालं नाही.

जिवंत पकडलेल्या सहा हजार जणांना कापुआ ते रोम या रस्त्यावर क्रूसावर चढवण्यात आलं. अंतर साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे प्रत्येक तीस-पस्तीस मीटरला एक माणूस. त्याच वेळी बंडखोरांच्या छावणीत तीन हजार रोमन कैदी सापडले, धडधाकट. तीनशेंचा बळी देणाऱ्याच्या छावणीत तीन हजार जिवंत. या दोन आकड्यांची वजाबाकी करून माणूस चांगला की वाईट ते ठरवता येत नाही.

त्याला गुलामगिरीच संपवायची होती, याला पुरावा नाही. ती त्याच्यानंतरही शतकानुशतकं चालली. तरी पुढे कार्ल मार्क्सने आपल्या आवडत्या नायकांत त्याचं नाव घातलं, खाचातुरियनने बॅले रचला, १९६० मध्ये स्टॅनली कुब्रिकचा सिनेमा आला. प्रत्येकाने आपल्याला हवा तो स्पार्टाकस उभा केला. आता तुमची पाळी. पहिलं सेशन रिंगणात जरूर होऊ द्या, पण दुसऱ्याच सेशनला कुणाला तरी स्वयंपाकघराचं दार उघडं दिसू द्या.