शाळेत मुलं येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच अंगणात नेली

चारकोपची म्हाडा वसाहत असो की पालघरमधला आदिवासी पाडा, अंगणवाडी सगळ्यांच्या ओळखीची. पण ही कल्पना आली कुठून? उत्तर शोधायचं तर बोरिवलीहून डहाणू लोकल पकडायची आणि तिथून पुढे बोर्डी गाठायचं.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईतला. 1914 मध्ये त्या बीए झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. 1921 मध्ये त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. त्या काळात हे सोपं नव्हतं. राजकोटला त्यांनी शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाचं प्राचार्यपद सांभाळलं.

1923 मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. तिथे मॉन्टेसरी पद्धतीवर काम चालायचं. छडी नाही, घोकंपट्टी नाही; मूल हाताळून, खेळून शिकणार. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

पण एक अडचण होती. बालशिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतंच राहत होतं. गरिबाच्या मुलाचं काय?

म्हणून 1945 मध्ये, वयाच्या 53 व्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरवली. हीच अंगणवाडी. आधी आंघोळ, नखं, केस, मग खाऊ, मग गाणी आणि खेळ. महागडी साधनं नव्हती, तर शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

आज विज्ञान सांगतं की पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या जोडण्या झपाट्याने तयार होतात. पोषण, गप्पा, खेळ आणि माया यांवर मुलाची भाषा, लक्ष आणि पुढचं मानसिक आरोग्यही अवलंबून असतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मेंदूचा 85 टक्क्यांहून जास्त विकास सहाव्या वर्षाआधीच होतो. ताराबाईंकडे ब्रेन स्कॅन नव्हते. त्यांनी मुलांचं नीट निरीक्षण केलं होतं.

1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

तेव्हा अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी वाटायची जागा, असं कुणी म्हणालं तर त्यांना बोर्डीची ही गोष्ट नक्की सांगा. तिथे खाऊइतकंच महत्त्व खेळालाही होतं.