केरीसाहेबांचा दिवस

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. उपदेशक म्हणतात की, वाचनास वेळ सापडत नाही. आयाबाया म्हणतात की, पाणी, सरपण, भाकरी व शेत यांतून प्रार्थनेस सवड कोठून काढावी? ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्या एका मनुष्याने गरिबीत, परमुलखात व घरच्या दुःखात राहूनही आपल्या दिवसाचा चोख हिशेब ठेवला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो. ते गृहस्थ म्हणजे डॉ. विल्यम केरी होत.

केरीसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील नॉर्दम्पटनशायर परगण्यातल्या पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील प्रथम विणकर होते, पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. विल्यमला उन्हात काम सोसत नसे, म्हणून शेतमजुरी सोडवून त्याला जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस ठेवले. तेथे दुकानात पवित्र शास्त्रावरील एक टीकाग्रंथ त्याच्या दृष्टीस पडला. त्यात ग्रीक अक्षरे होती. ती त्याला वाचता येईनात, तेव्हा त्याने ती जशीच्या तशी कागदावर उतरून घेतली व आपल्या गावच्या एका शिकलेल्या माणसाकडून त्यांचा अर्थ समजून घेतला. असेच करता करता त्याने लॅटिन, ग्रीक, इब्री, डच व फ्रेंच या भाषा हस्तगत केल्या. याकरिता त्याला कोणी वेगळा वेळ दिला नव्हता. दिवसाचे काम चुकले नाही. कामाच्या मधल्या फटीच तेवढ्या त्याने वाया जाऊ दिल्या नाहीत.

पुढे मोल्टन गावी ते मंडळीचे पाळक झाले. वेतन तुटपुंजे होते. म्हणून शाळा चालवावी व जोडेही शिवावे, असा त्यांचा क्रम होता. भिंतीवर कागद चिकटवून त्यांनी जगाचा मोठा नकाशा केला होता व प्रत्येक देशाची लोकसंख्या व धर्म यांची माहिती त्यावर लिहिली होती. हात आरी चालवीत, पण दृष्टी व चित्त त्या नकाशावर असे. त्याच चिंतनातून 1792 साली बाप्तिस्त मिशन संस्था निघाली, आणि 11 नोव्हेंबर 1793 रोजी केरीसाहेब सहकुटुंब बंगालमध्ये उतरले.

आरंभीची वर्षे फार कष्टाची गेली. हाती पैसा नव्हता. निळीच्या एका कारखान्यावर व्यवस्थापकाचे काम पत्करून त्यांनी पोट भरले, आणि त्या कामातून उरलेल्या वेळात बंगाली शिकून नव्या कराराचे भाषांतर केले. 1800 च्या आरंभी ते श्रीरामपूर येथे गेले. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, तर हुगळी नदीच्या काठचे. ते त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथे मार्शमन व वॉर्ड या सोबत्यांसह त्यांनी छापखाना घातला, आणि 1801 साली बंगाली नवा करार प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते शिक्षक झाले. तेथे बंगाली व संस्कृत यांबरोबर पुढे आपली मराठीही त्यांनी शिकविली. मिळणारा पगार ते मिशनच्या सामाईक निधीत घालीत.

आता त्यांचा एक दिवस पाहू. 1806 च्या जून महिन्यात विलायतेच्या एका मित्राला, आपली पत्रे थोडी का येतात याचे कारण सांगताना, त्यांनी कलकत्त्यातील आपल्या एका दिवसाचा वृत्तांत लिहिला. पहाटे पावणेसहाला ते उठले. इब्री शास्त्राचा एक अध्याय वाचून सातपर्यंत एकांती प्रार्थना केली. मग चाकरमाणसांसह बंगालीत कौटुंबिक उपासना झाली. चहा ओतला जात असता मुनशीपाशी फारसी वाचन झाले, न्याहारीपूर्वी हिंदुस्थानीतील शास्त्रभाग झाला. न्याहारीनंतर पंडितासह रामायणाचे भाषांतर दहापर्यंत केले. मग दुपारी एक-दोनपर्यंत कॉलेज. घरी येताच यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची मुद्रिते तपासली. जेवणानंतर सहापर्यंत मत्तयाचा आठवा अध्याय संस्कृतात उतरविला. त्यानंतर तेलुगू पंडितापाशी धडा घेतला. साडेसातला उपदेश केला. नऊपासून अकरापर्यंत यहेज्केलाचा एक अध्याय बंगालीत आणला. मग ते पत्र लिहिले, आणि शेवटी ग्रीक नव्या करारातील एक अध्याय वाचून व स्वतःस देवाच्या हाती सोपवून ते निजले.

अशा दिवसांचे फळ आपल्या महाराष्ट्रालाही मिळाले. 1805 साली त्यांचे मराठी व्याकरण, 1810 साली मराठी कोश व 1811 साली मराठी नवा करार निघाला. या कामी वैजनाथ पंडित यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना नवे भाषांतर करावे लागले व त्यांचा नवा करार 1826 साली निघाला. तथापि वाट प्रथम कोणी तुडविली हे विसरू नये.

दिवस नियमाने चालविणाऱ्याची परीक्षा तो दिवस मोडतो तेव्हा होते. 11 मार्च 1812 रोजी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, बहुभाषी कोशाचे हस्तलिखित व रामायणाच्या भाषांतराचा भाग, अशी वर्षांची मेहनत एका रात्रीत भस्म झाली. केरीसाहेब कलकत्त्यास होते. वार्ता ऐकून त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. पण एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालणे सोपे जाते, असे मनाशी धरून त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ केला. वितळलेल्या धातूचे नवे खिळे पाडले व काही आठवड्यांतच छपाई सुरू झाली.

ते आपल्या नियमाचे दासही नव्हते. डिसेंबर 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि त्याचे बंगाली भाषांतर करण्याविषयी त्यांच्याकडे कागद आला, तो रविवारी. त्यांनी उपदेशाचे काम दुसऱ्यावर सोपविले, पंडितास बोलाविले व दिवस मावळण्यापूर्वी भाषांतर पुरे केले. एका दिवसाच्या विलंबाने किती विधवा चितेवर जातील, हे त्यांना ठाऊक होते. कोणते काम थांबू शकते व कोणते नाही, हे ओळखणे हाच वेळेच्या हिशेबाचा गाभा होय.

आता एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. ती लपविली तर चरित्र अपुरे राहील. 1794 साली त्यांचा पाच वर्षांचा पुत्र पीटर मरण पावला. त्यानंतर पत्नी डॉरथी यांचे चित्त भ्रमले व 1807 साली मृत्यू येईपर्यंत ते स्थिर झाले नाही. वर सांगितलेला दिवस त्याच काळातला आहे. त्या दिवसात मुलांच्या नावाची एकही घटका आम्हास दिसत नाही. मुले मोकाट वाढू लागली आणि त्यांना वळण लावण्याचे काम पुष्कळसे वॉर्डसाहेब व मार्शमनबाई यांस करावे लागले. केरीसाहेबांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्यावरचे ओझे आम्ही उचललेले नाही. परंतु जो उपदेशक दहा गावांस वचन सांगतो आणि स्वतःच्या मुलाशी चार शब्द बोलत नाही, त्याने येथे थांबून विचार करावा. घरच्यांची घटका ही उरलेल्या वेळाची बाब नव्हे. ती आधी राखून ठेवावी.

9 जून 1834 रोजी श्रीरामपूर येथे, वयाच्या 72 व्या वर्षी, केरीसाहेब प्रभूमध्ये निजले. आपल्या अंगी काही असामान्य बुद्धी आहे असे ते मानीत नसत. नेटाने एकेक पाऊल टाकीत राहणे एवढेच आपल्याला जमते, असे त्यांनी पुतण्याला सांगितले होते.

प्रिय वाचकहो, बारा भाषा शिका असे आम्ही म्हणत नाही. दिवसाचा पहिला भाग देवास द्या. एक अध्याय, एक धडा, एक आजाऱ्याची भेट, असे थोडे पण नेमाचे काम ठरवा. एस.टी.ची वाट पाहताना किंवा पाण्याची पाळी येईपर्यंत जी घटका मिळते, तिला क्षुद्र मानू नका. नेम मोडला तर रडत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. आणि सांज झाली की मुलाबाळांना जवळ घ्या. मोशेने देवापाशी दिवस मोजण्याचे शहाणपण मागितले होते. तेच मागणे आज आपणही करू या.