नाझरेथचा सुतार

शीर्षक वाचून येशू ख्रिस्ताची आठवण झाली असेल तर ते साहजिकच आहे. पण हे नाझरेथ आपल्या शेजारचं, पेनसिल्व्हेनियातलं. न्यू जर्सीतून पश्चिमेला निघालं, ईस्टन ओलांडलं की थोड्याच वेळात हे गाव लागतं. ज्या सुताराबद्दल मी लिहितोय त्याचं नाव क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन. घरात गिटार शिकणारं कार्टं असेल तर हे नाव तुम्ही ऐकलं असेल, बहुधा किंमत विचारताना!

मार्टिनचा जन्म ३१ जानेवारी १७९६ रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्शेन या गावी झाला. हे वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव, आपल्याकडचं मिरजच म्हणा ना. वडील सुतारकाम करायचे, कपाटं-पेट्या बनवायचे. मुलगा व्हिएन्नाला गेला आणि योहान गेऑर्ग श्टाउफर या तेव्हाच्या नामांकित गिटार कारागिराच्या हाताखाली तयार झाला. तिथेच १८२५ मध्ये ओटिली क्यूले हिच्याशी त्याचं लग्न झालं. मग मंडळी गावी परतली, आणि खरी कटकट तिथे सुरू झाली.

त्या काळी जर्मनीत प्रत्येक धंद्याचा संघ असे आणि संघाच्या परवानगीशिवाय कोणी काय बनवायचं ते ठरत नसे. व्हायोलिनवाल्यांचा संघ म्हणू लागला की गिटार हे वाद्य आहे, तेव्हा ते आम्हीच बनवणार. सुतारांनी आपली कपाटं करावीत. सुतारांचं म्हणणं, गिटार हे नवं वाद्य, तुमच्या जुन्या सनदेत त्याचा उल्लेखच नाही, तर मक्तेदारी कसली? १८२६ पासून हा वाद चालला. एका व्यापाऱ्याने तर साक्ष दिली की मार्टिनच्या गिटारींत नाव ठेवायला जागा नाही. अखेर सुतारांचा हक्क टिकला, पण मार्टिनचं मन तिथून उडालं होतं. मला यात आपली मिरजच आठवते. तिथे सतार-तंबोरे घडवणारे मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. त्यांना कोणी अडवलं असतं तर आपल्या गवयांचं काय झालं असतं?

१८३३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, बायकामुलांसह हा माणूस न्यूयॉर्कला आला. हडसन स्ट्रीटवर दुकान थाटलं. पुढे गिटार, मागे कारखाना, आणि पोटासाठी इतर वाद्यं नि नोटेशनचे कागदही विकायचे. स्थलांतरिताचा संसार कसा असतो ते आपल्याला निराळं सांगायला नको. ओटिलीचा जीव म्हणे त्या शहरात रमला नाही. हाइनरिख शात्झ नावाचा गावाकडचा मित्र आधीच पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाला होता. तिथे मोरेव्हियन पंथाच्या जर्मन लोकांची वस्ती, म्हणजे भाषा आपली, जेवण आपलं. थोडक्यात, त्यांचं एडिसन! १८३९ च्या सुमारास मार्टिन कुटुंब नाझरेथजवळ आलं ते कायमचं. गंमत अशी, की गिटारींवर न्यूयॉर्कचा शिक्का मात्र १८९८ पर्यंत उमटत राहिला. खेड्यातला माल शहराच्या नावानेच खपतो, दुसरं काय.

आता थोडं गिटारच्या पोटात शिरूया, कारण मार्टिनचं मोठेपण बाहेरून दिसतच नाही. गिटारचा वरचा फळा स्प्रूस लाकडाचा, जेमतेम तीन मिलिमीटर जाड. तारा सतत ओढत असतात. फळा जाड केला तर आवाज बसतो, पातळ ठेवला तर घोडीपाशी वाकतो. म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. मार्टिनने १८४० नंतरच्या काही वर्षांत दोन मुख्य पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींवर टाकायला सुरुवात केली. १८४३ मध्ये मादाम दे गोनी या स्पॅनिश वादिकेसाठी बनवलेली अशी गिटार आजही जपलेली आहे. ही फुली त्या काळी न्यूयॉर्कच्या आणखी काही कारागिरांच्या हातूनही दिसते, तेव्हा सगळं श्रेय एकट्याला देणं मला बरोबर वाटत नाही. पण ती रुजवली मार्टिनने.

फुलीच्या दोन पायांमध्ये, घोडीच्या बरोबर खाली, आणखी एक लहानसा तुकडा असतो, ब्रिज प्लेट. तारेचं टोक घोडीच्या भोकातून आत जाऊन या तुकड्याला अडकतं. मार्टिनच्या हयातीत तारा आतड्याच्या होत्या, ताण कमी, त्यामुळे या पट्टीवर फारसा भार नव्हता. १९२० च्या दशकात पोलादी तारा रूढ झाल्या आणि सहा तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोंपर्यंत गेला. स्प्रूससारखं मऊ लाकूड तारेच्या टोकाची गोळी कुरतडून टाकते, म्हणून तिथे मेपल बरं पडतं. कठीण, पण फार जड नाही.

मार्टिन १६ फेब्रुवारी १८७३ रोजी गेला. त्याच्यामागे जवळजवळ शतकाने, १९६८ च्या सुमारास, कंपनीने मेपलची छोटी पट्टी काढून रोझवुडची मोठी पट्टी घातली. घोडी उचकटून दुरुस्तीला परत येणाऱ्या गिटारी कमी व्हाव्यात हा हेतू. १९६९ पासून मागचा-बाजूचा भागही ब्राझीलऐवजी भारतीय रोझवुडचा होऊ लागला, म्हणजे आपल्या आजोळच्या दिवाणाचा शिसव! ते छानच झालं. पण घोडीखाली वजन वाढलं की फळा तितका मोकळा हलत नाही, आणि जाणकारांना त्या काळातल्या गिटारींचा आवाज दबलेला वाटू लागला. १९७६ च्या एचडी-२८ मध्ये छोटी मेपलची पट्टी परतली आणि १९८८ पासून ती बाकीच्यांतही सरसकट आली. शिसव वाईट की मेपल चांगलं, यावर वादक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते लाकडाच्या जातीपेक्षा पट्टीचं आकारमान जास्त बोलतं. तंबोऱ्याच्या घोडीवर नखाएवढा दोरा सरकवला तरी जवारी बदलते, मग इथे तर सगळा भार एका तुकड्यावर.

जुनी गिटार घ्यायला निघालात तर दाताच्या डॉक्टरचा असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी बरोबर न्या. तारा सैल करून भोकातून घोडीखाली बघा. तारांच्या गोळ्यांनी पट्टीला खड्डे पाडले असतील तर घाबरू नका, तेवढेच खड्डे कठीण लाकडाने बुजवता येतात. कोणी वरून दुसरी जाड पट्टी चिकटवू म्हणाला, तर नम्रपणे नमस्कार करून गिटार घरी आणा.