‘परके’ ते ‘शेजारी’: विनिपेगचे वुड्सवर्थ

एखाद्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत तिप्पट झाली तर काय होईल, जरा विचार करा. कॅनडाच्या गवताळ मैदानी प्रदेशातल्या विनिपेगचं तसंच झालं. १९०१ मध्ये जेमतेम ४२ हजार वस्तीचं हे शहर १९११ मध्ये १ लाख ३६ हजारांवर गेलं. युक्रेनियन, पोलिश, ज्यू, जर्मन... रेल्वेतून नवनवी माणसं उतरत होती. त्यातली गरीब मंडळी रेल्वे यार्डाच्या पलीकडे, ‘नॉर्थ एंड’मध्ये राहायची. दाटीवाटीची घरं, पाण्याची आणि गटाराची बोंब, वर टायफॉइडची साथ. यार्डाच्या अलीकडच्या लोकांसाठी हे सगळे ‘परके’!

जेम्स शेव्हर वुड्सवर्थ खरं तर अलीकडच्यांपैकीच. जन्म १८७४चा. इंग्रजी बोलणारं घर, वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, पुढे ऑक्सफर्डमध्ये शिक्षण. १९०७ मध्ये त्यांनी ‘ऑल पीपल्स मिशन’ची सूत्रं घेतली आणि कुटुंबासह थेट नॉर्थ एंडमध्ये राहायला गेले. कामगारांसाठी रात्रीचे इंग्रजीचे वर्ग, लहान मुलांसाठी बालवर्ग, रविवारी सगळ्यांना खुली असलेली व्याख्यानं असं काम सुरू झालं.

पण थांबा, लगेच हीरो करू नका. १९०९ मध्ये त्यांनी स्थलांतरितांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात हे लोक होते ‘स्ट्रेंजर्स’, म्हणजे परके. कोणता समाज कॅनडात चांगला मिसळेल आणि कोणता नाही, याची चक्क उतरंडच त्यात होती. आज वाचताना ते खटकतंच. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, दुसरं पुस्तक आलं. त्याचं नाव ‘माय नेबर’, माझा शेजारी! सगळे पूर्वग्रह गळून पडले होते असं नाही. पण माणसांच्या ‘जाती’ मोजणारी नजर आता त्यांच्या पगाराकडे, घरभाड्याकडे वळत होती. नुसत्या दानधर्माने भागणार नाही, हे त्यांना कळत गेलं.

पहिल्या महायुद्धात युद्धाला विरोध केला म्हणून सरकारी नोकरी गेली. मग चर्चही सोडलं. पदवीधर धर्मोपदेशक व्हँकुव्हरच्या गोदीत माल उतरवू लागला!

मे १९१९ मध्ये विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप झाला. सगळ्यात आधी काम थांबवलं ते टेलिफोन ऑपरेटर मुलींनी. बघता बघता सुमारे ३० हजार कामगार बाहेर पडले. हा परक्यांचा कट आहे, अशी ओरड झाली आणि परदेशात जन्मलेल्यांना हद्दपार करण्याची भाषा सुरू झाली. २१ जूनला पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा जीव गेला. संपाच्या वृत्तपत्राच्या संपादकांना अटक झाल्यावर ते काम वुड्सवर्थनी हाती घेतलं. मग त्यांनाही अटक झाली. आरोपपत्रातल्या ‘राजद्रोही’ मजकुरात चक्क बायबलमधली वचनं होती! खटला कधी चाललाच नाही.

१९२१ मध्ये याच विनिपेगने त्यांना संसदेत पाठवलं. १९२६ मध्ये सरकार अल्पमतात असताना त्यांनी पाठिंब्याच्या बदल्यात स्वतःसाठी काही मागितलं नाही, मागितलं ते वृद्धांसाठी पेन्शन. १९२७ मध्ये कायदा झाला. सत्तरी ओलांडलेल्या गरजूंना महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर. मूळ रहिवासी मात्र त्यातून वगळलेच गेले. कुंपण सरकलं, पण पडलं नाही.

१९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धालाही त्यांनी संसदेत विरोध केला. त्यांनी स्वतः उभारलेला पक्षसुद्धा तेव्हा सोबत नव्हता. १९४२ मध्ये ते गेले.

वुड्सवर्थ पहिल्या दिवसापासून ग्रेट नव्हते. ते यार्ड ओलांडून राहायला गेले आणि तिथल्या माणसांकडून शिकत राहिले. आपल्या हॉस्टेलवर, वर्गात दुसरीकडून आलेल्या मुलामुलींना आपण पहिल्याच दिवशी काय लेबल लावतो? आणि ते पुसायला किती वर्षं घेतो?