आचार्य धर्मानंद कोसंबी : मार्ग शोधणारा तरुण

आयुष्यात आपण काय करावे, हा प्रश्न वयाच्या विशीत ज्याला पडला नाही असा तरुण विरळा. वाडवडिलांची वृत्ती पुढे चालवावी की अन्य मार्ग धरावा, या विचारात कित्येकांची वर्षे जातात. घरातील मंडळी त्यास आळस म्हणतात, शेजारी हसतात. अशा तरुणांनी आणि त्यांच्या मातापित्यांनी आपल्याच गोमंतकातील एका थोर पुरुषाचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. वेलिंग येथील श्रीलक्ष्मीनृसिंहाचे मूळ स्थान हेच साखवाळ होय. त्या काळी खेड्यात शिक्षणाची सोय बेताचीच. त्यातच प्रकृती नाजूक, त्यामुळे धर्मानंदांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयातच विवाह झाला आणि नारळाच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. दिवस माडांच्या हिशेबात जात. मन मात्र तेथे रमेना. जे पुस्तक हाती येईल ते वाचावे, चार दिवस उत्साहात काढावे आणि पुन्हा उदास व्हावे, असा क्रम चालला होता. घर सोडून जाण्याचा विचार मनात वारंवार येई आणि वारंवार मावळे.

अशा स्थितीत मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे चरित्र वाचले आणि त्यांच्या चित्ताला एक दिशा लाभली. बुद्धांचा उपदेश मुळातून समजून घ्यावा व तो मराठी जनांस सांगावा, हा ध्यास लागला. परंतु त्यासाठी संस्कृत हवे, पाली हवी. आणि त्यांना दोन्ही येत नव्हत्या. १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या माणिक राहिल्या. या त्यागाचे मोल एकट्या धर्मानंदांनी दिले नाही. बाळाबाईंनीही ते वर्षानुवर्षे दिले, हे वाचकांनी विसरू नये.

ते प्रथम पुण्यास गेले व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बौद्ध धर्माचे ज्ञान नेपाळात मिळेल या आशेने ते तिकडे गेले, पण तेथे निराशाच पदरी आली. एवढे कष्ट करून हाती काही न लागल्यावर दुसरा एखादा घरी परतला असता. धर्मानंद बुद्धगयेस गेले. तेथे एका भिक्षूने त्यांना सिंहलद्वीपाची वाट दाखविली. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या चरणाशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले.

१९०६ साली ते भारतात स्थिर झाले व कलकत्ता विश्वविद्यालयात पाली शिकवू लागले. ज्याचे शालेय शिक्षण धड झाले नव्हते, तो आता विद्यापीठात अध्यापक झाला. घराशी तुटलेला धागाही पुन्हा जुळला. १९०७ साली पुत्र दामोदर जन्मास आला. तोच पुढे गणितज्ञ व इतिहाससंशोधक म्हणून प्रसिद्धीस आला.

परंतु धर्मानंदांचा संकल्प मराठी लोकांसाठी होता. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. अट इतकीच, की महाराष्ट्रात राहावे व ग्रंथलेखन करावे. कलकत्त्याचे वेतन याहून अधिक होते. तरीही धर्मानंदांनी ते सोडले व हे अल्प वेतन पत्करले. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक सिद्ध झाले. १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अमेरिकेत पाचारण केले. या कामासाठी ते एकूण चार वेळा तेथे गेले. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही सोसला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

या चरित्रातून प्रत्येक तरुणाने घर सोडून जावे असा बोध कोणी घेऊ नये. तसे केल्यास घरच्यांवर कोणता भार पडतो, हे बाळाबाईंच्या आयुष्यावरून दिसते. घ्यावयाचा बोध निराळा आहे. धर्मानंदांना मार्ग बसल्या जागी सापडला नाही. आधी पुणे, मग काशी, मग नेपाळ, मग कोलंबो असे एकेक पाऊल टाकीत गेल्यावरच पुढचे पाऊल दिसले. नेपाळची वाट चुकीची ठरली, तरी ती चालल्यावाचून बुद्धगयेची वाट सापडली नसती. म्हणून ज्याला आज आपला मार्ग दिसत नाही, त्याने जवळ असलेला एखादा अभ्यास निष्ठेने हाती घ्यावा. आणि वडीलधाऱ्यांनी अशा मुलास लगेच निरुपयोगी ठरवू नये. साखवाळच्या माडांत उदास बसलेल्या त्या तरुणाकडे पाहून तो पुढे काय करील, हे तेव्हा कोणाला सांगता आले असते?